एका फुलबॅकच्या कारकिर्दीचे अंकगणित : ॲलन अमीची (१९५१–१९५४)

मुंबईच्या किंवा कोल्हापूरच्या मैदानावर ‘फुलबॅक’ म्हटले म्हणजे आपल्या गोलाजवळ राहून प्रतिपक्षाची चढाई थोपविणारा रक्षक डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतील विद्यापीठांत फुटबॉल या नावाने जो खेळ रूढ आहे, त्यातील फुलबॅक मात्र चेंडू काखेत घट्ट धरून समोरच्या फळीत घुसणारा आक्रमक होय. शब्द एकच असून अर्थ जवळजवळ परस्परविरुद्ध व्हावेत, याचे कारण दोन्ही खेळांच्या समान उगमात सापडते. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश फुटबॉलमध्ये खेळाडूंची नावे त्यांच्या जागेवरून पडली होती. अमेरिकेत १८८० च्या सुमारास वॉल्टर कॅम्प याच्या पुढाकाराने खेळाला नवी घडण आली, तेव्हाही पिछाडीच्या खेळाडूंची क्वार्टरबॅक, हाफबॅक आणि फुलबॅक ही नावे आघाडीच्या फळीपासूनच्या अंतरानुसारच टिकून राहिली. पाव, अर्धा आणि पुरा, असे हे माप होय. सर्वांत मागे उभा असणारा तो फुलबॅक. त्याचे काम काय, हे त्या नावात कोठेच सांगितलेले नव्हते.

या स्थानावरील खेळाडूंपैकी विस्कॉन्सिन विद्यापीठाचा ॲलन अमीची याची कारकीर्द अभ्यासास विशेष सोयीची आहे. तिचे आकडे थोडे व स्पष्ट आहेत. पण त्यांतील प्रत्येक आकडा काय मोजले गेले आणि काय मोजायचे राहिले, हा प्रश्न उपस्थित करतो.

अमीचीचा जन्म १ जून १९३३ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील केनोशा या गावी इटालियन स्थलांतरितांच्या कुटुंबात झाला. त्याचे मूळ नाव लीनो. ॲलन हे नाव त्याने पुढे घेतले. डोके खाली घालून, गुडघे उंच उचलीत धावण्याच्या त्याच्या ढबीमुळे ‘द हॉर्स’, म्हणजे घोडा, हे टोपणनाव त्यास चिकटले व जन्मभर राहिले. १९५१ साली तो विद्यापीठात दाखल झाला. एरवी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य संघात स्थान मिळत नसे; परंतु कोरियन युद्धामुळे संघांना खेळाडूंची वाण पडली असल्याने त्या काळात हा निर्बंध शिथिल करण्यात आला होता. परिणामी अमीचीस तीनऐवजी चार हंगाम लाभले. त्याच्या विक्रमाचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

हंगामवार नोंद अशी आहे. १९५१ मध्ये १५७ प्रयत्नांत ८२४ यार्ड. १९५२ मध्ये २०५ प्रयत्नांत ९४६. १९५३ मध्ये १६५ प्रयत्नांत ८०१. आणि १९५४ मध्ये १४६ प्रयत्नांत ६४१. एकूण ६७३ प्रयत्न, ३,२१२ यार्ड आणि २५ टचडाउन. राष्ट्रीय पातळीवर अधिकृत आकडेवारी १९३७ पासून ठेवली जाऊ लागली होती. तिच्यातील संपूर्ण कारकिर्दीचा हा तोपर्यंतचा सर्वोच्च आकडा होय.

दर प्रयत्नास पडणारी सरासरी ४.७७ यार्ड, म्हणजे सुमारे साडेचार मीटरांहूनही किंचित कमी भरते. हे अंतर वाचकास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु या खेळात संघास चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते. तसे न घडल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. म्हणजे दर प्रयत्नास अडीच यार्ड पुरेसे असतात. जो खेळाडू फळीच्या ऐन मध्यावर आदळून सरासरीने त्याच्या जवळजवळ दुप्पट जमीन मिळवितो, तो संघाच्या हातचा चेंडू सुटू देत नाही. फुलबॅकचे मोल लांब पल्ल्याच्या एखाद्या नेत्रदीपक धावेत नसून या सातत्यात आहे.

तथापि यार्ड म्हणजे विजय नव्हे. १ जानेवारी १९५३ रोजी पॅसाडेना येथील रोज बोल सामन्यात अमीचीने २८ प्रयत्नांत १३३ यार्ड मिळविले, आणि तरीही विस्कॉन्सिनला एकही गुण न मिळता सदर्न कॅलिफोर्नियाकडून ०–७ असा पराभव पत्करावा लागला. शिवाय हे १३३ यार्ड वर दिलेल्या बेरजेत नाहीत. ‘बोल’ सामने हे हंगामानंतरचे प्रदर्शनीय सामने समजले जात आणि त्यांतील कामगिरी अधिकृत नोंदीत धरीत नसत. ते मिळविले असता एकूण ७०१ प्रयत्न व ३,३४५ यार्ड होतात. लक्षणीय बाब अशी की, बेरीज बदलली तरी सरासरी ४.७७ हीच राहते. मोठ्या सामन्यातही हा खेळाडू नेहमीसारखाच खेळला, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

१९५३ साली नियमांत महत्त्वाचा बदल झाला. चढाईसाठी एक व बचावासाठी दुसरा, अशी दोन स्वतंत्र पथके मैदानात उतरविण्याची मुभा काढून घेण्यात आली आणि एकाच खेळाडूस दोन्ही कामे करणे भाग पडले. शेवटचे दोन हंगाम अमीची चढाईत फुलबॅक आणि बचावात लाइनबॅकर म्हणून खेळला. बचावात त्याने किती जणांना पाडले, याचा अधिकृत राष्ट्रीय हिशेब त्या काळी ठेवला जात नव्हता. १९५४ चे ६४१ यार्ड हे चारही हंगामांतील नीचांकी आहेत; दर प्रयत्नाची ४.३९ ही सरासरीही सर्वांत कमी आहे. असे असूनही देशातील सर्वोत्कृष्ट विद्यापीठीय खेळाडूस दिले जाणारे हाइसमन पारितोषिक त्यास त्याच वर्षी मिळाले. विस्कॉन्सिनच्या खेळाडूस हा मान प्रथमच लाभत होता. मत देणाऱ्यांनी केवळ त्या हंगामाच्या कोष्टकाकडे पाहिले असते, तर हा निर्णय दुर्बोध ठरला असता.

बोल सामन्यांचा प्रश्न पुढे याच विद्यापीठाच्या दुसऱ्या खेळाडूच्या बाबतीत अधिक तीव्रतेने उद्भवला. रॉन डेन याने १९९६ ते १९९९ या हंगामांत ६,३९७ यार्डांचा राष्ट्रीय विक्रम केला व तोही हाइसमनचा मानकरी ठरला. त्याच्या चार बोल सामन्यांतील ७२८ यार्ड नोंदीबाहेरच राहिले. २००२ पासून या सामन्यांतील कामगिरी गणनेत घेण्याचे ठरले. परंतु हा नियम मागील काळास लागू करण्यात आला नाही. २०१६ साली सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचा डॉनेल पम्फ्री ६,४०५ यार्डांवर पोहोचला आणि विक्रम त्याच्या नावे लागला. डेनचे सारे यार्ड मोजले तर ते ७,१२५ होतात. ज्याने अधिक जमीन मिळविली तो यादीत खाली आणि कमी मिळविणारा वर, असा हा विपरीत प्रकार आहे. दोष कोणाही खेळाडूचा नव्हे. भिन्न मापांनी मोजलेल्या राशी एका स्तंभात मांडण्याचा तो परिणाम आहे.

हीच अडचण ‘फुलबॅक’ या संज्ञेचीही आहे. पुढे ‘आय’ नावाची व्यूहरचना प्रचारात आली, तीत फुलबॅक हा मुख्य धावकाच्या पुढे उभा राहून त्यास वाट करून देऊ लागला. नावाने सर्वांत मागचा असणारा खेळाडू प्रत्यक्षात पुढे आला आणि चेंडू त्याच्या हाती क्वचितच येऊ लागला. आजच्या फुलबॅकचे यार्ड अमीचीच्या यार्डांशी ताडून पाहणे म्हणजे केवळ नामसाम्यावरून दोन वस्तू एक मानण्यासारखे होईल.

व्यावसायिक खेळात बाल्टिमोर कोल्ट्स संघाकडून १९५५ साली पहिल्याच वेळी चेंडू हाती येताच अमीची ७९ यार्ड धावला व त्या वर्षी ९६१ यार्डांसह सर्व धावकांत अग्रेसर राहिला. परंतु लोकांच्या स्मरणात राहिली ती २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर, अंतिम सामन्याच्या जादा वेळेत घेतलेली त्याची धाव. तिने कोल्ट्सना २३–१७ असे विजेतेपद मिळवून दिले. ८ ऑगस्ट १९८८ रोजी तो निवर्तला. त्या धावेची लांबी अवघी एक यार्ड होती. विद्यापीठीय कोष्टकातील ३,२१२ यार्डांचे मोल तिच्यामुळे कमी होत नाही. मात्र कोष्टक वाचताना त्याची मर्यादा ध्यानात ठेवावी, एवढे तिच्यावरून निश्चित घेता येते.