अन्ननलिका, मूल आणि वेष्टनावरील सूचना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वैद्यकाच्या इतिहासात अन्ननलिकेच्या वाट्याला फारसे लेखन आलेले नाही. घास खाली उतरण्याची वाट, एवढीच तिची ओळख दीर्घकाळ होती. मुलांच्या बाबतीत या वाटेला प्रथम घरगुती रसायनांमुळे आणि पुढे औषधांमुळे होणारी इजा कशी ओळखली गेली व तिच्यावरील उपाय कोठे शोधला गेला, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील घरांत दाहक क्षार, म्हणजे आपल्याकडील कॉस्टिक सोडा, सर्रास आढळे. साबण करण्यासाठी आणि मोऱ्या साफ करण्यासाठी तो वापरीत. दिसावयास तो साखरेसारखा पांढरा. मूल सहज चिमूटभर तोंडात टाकी. क्षार ऊती विरघळवीत खोलवर शिरतो. जखम भरताना व्रण आकसत जातो आणि नलिका अरुंद होते. त्या दिवशी वाचलेल्या मुलाला काही आठवड्यांनी पाण्याचा घोटही उतरेनासा होई. मृत्यू विषाने नव्हे, उपासमारीने येई.

फिलाडेल्फियाचे डॉ. चेव्हालियर जॅक्सन (१८६५-१९५८) यांनी अन्ननलिकेत उतरविण्याची दुर्बीण विकसित केली. अशा मुलांच्या नलिका त्यांनी चिकाटीने, पुनःपुन्हा रुंद केल्या. मुलांनी गिळलेल्या टाचण्या, नाणी व बटणे काढणारे शल्यचिकित्सक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्या वस्तूंचा संग्रह तेथील म्यूटर संग्रहालयात आजही आहे. परंतु त्यांचे अधिक मोलाचे कार्य शस्त्रक्रियागृहाबाहेरचे होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अशा अपघाताचा दोष आईच्या निष्काळजीपणावर टाकणे सोपे होते. जॅक्सन यांनी बोट ठेवले ते डब्यावर. डब्यावर धोक्याची सूचना छापण्याचे देशव्यापी बंधन नव्हते. त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि ४ मार्च १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी संघीय दाहक विष कायद्यावर स्वाक्षरी केली. वेष्टनावर 'विष' हा शब्द ठळकपणे छापणे आणि अपघात झाल्यास करावयाचे उपचार नमूद करणे बंधनकारक झाले. अर्थात, ज्याला वाचता येत नाही त्या मुलाला हा शब्द काय सांगणार? कायदा बोलत होता तो मोठ्यांशी. मुलाला सहज उघडता येणार नाही अशा झाकणांचा कायदा अमेरिकेत १९७० साली आला.

त्याच वर्षी एका ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात पोटॅशियमच्या गोळ्यांनी अन्ननलिकेत व्रण झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. रुग्ण प्रौढ होता. तथापि येथून विचाराची दिशा पालटली. औषध रक्तात मिसळल्यावर काय करते याचा अभ्यास होताच; गोळी वाटेत अडकली तर काय होते, हा प्रश्न मात्र उपेक्षित होता. १९७५ मध्ये डॉक्सिसायक्लीन या प्रतिजैविकामुळे झालेल्या व्रणांची नोंद झाली. थोड्याशा लाळेत विरघळले की हे औषध तीव्र आम्लधर्मी बनते. महाधमनीच्या कमानीपाशी, जेथे नलिका किंचित दबलेली असते, तेथे कॅप्सूल चिकटून राहिल्यास अंतस्त्वचा भाजते. लहान मुलांना बहुधा पातळ औषध दिले जाते, म्हणून ही इजा प्रामुख्याने किशोरवयात दिसते : मुरुमांसाठी दिलेली कॅप्सूल, झोपण्यापूर्वीचा एखादा घोट पाणी, आणि पहाटे छातीत असह्य जळजळ. सुदैवाने औषध थांबविल्यावर बहुतेक व्रण काही दिवसांत भरून येतात. १९८२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील एका अभ्यासाने गोळ्या किमान १०० मिलिलिटर पाण्याबरोबर घ्याव्यात आणि नंतर निदान दीड मिनिट उभे राहावे, असे सुचविले. उपाय इतका साधा की तो सांगण्याचे राहून जाते.

मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी हेच डॉक्सिसायक्लीन दिले जाते. त्यांत शाळकरी मुलेही असतात. औषधाच्या दुकानात कात्रीने कापलेल्या पट्टीचे एकदोन कप्पे हाती पडतात. त्यांवर बहुधा औषधाचे पूर्ण नावही उरत नाही. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, हे शब्द तर दूरच.