गुलामाचे तीस, राजाचे तीन

यंदाच्या व्याख्यानमालेत आम्ही पत्त्यांवर बोलणार असे कळल्यावर एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांला हटकले. "अहो, कामगारांना पत्त्यांपासून सोडवायचे सोडून तुम्हीच त्यांच्या हाती डाव देणार काय?" प्रश्न रास्त आहे. पगाराच्या रात्री पानांवर लागलेला पैसा आणि दुसऱ्या दिवशी न पेटलेली चूल आम्ही पाहिली आहे. त्या जुगाराची वकिली करण्यास आम्ही उभे नाही. आम्हांला सांगावयाचे आहे ते बिनपैशाच्या एका खेळाविषयी, तीनशे चारविषयी. उच्चारलेल्या शब्दाची किंमत चुकवावी लागते, हा धडा एवढ्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही.

आपल्याकडील पानांचा जुना खेळ म्हणजे गंजिफा. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हुसेनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत आठ रंग आणि 96 पाने. रंगांची नावे वाचली म्हणजे राजवाड्याचे कोठार उघडल्यासारखे वाटते. ताज म्हणजे मुकुट, शमशेर म्हणजे तलवार, आणि त्याच यादीत गुलाम हाही एक रंग! आमच्या कोकणात सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी दशावतारी गंजिफा रंगविली. तिच्यात दहा रंग आणि 120 गोल पाने. ही कला मावळू लागली असता शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी 1970 नंतरच्या काळात तिला पुन्हा उभे केले, हे त्यांचे उपकारच म्हटले पाहिजेत.

या गंजिफेत एक गोष्ट कधी ढळत नाही. राजा सर्वांत वर, त्याच्याखाली प्रधान. उरलेल्या दहा पानांचा क्रम निम्म्या रंगांत उलटा होतो, एक मोठा आणि दहा लहान ठरतो. परंतु राजाच्या गादीला धक्का लागत नाही. हुकूम नाही, बोलीही नाही. ज्याच्या वाट्याला राजे आले, त्याचे दैव बलवत्तर.

हुकमाची कल्पना वाढली ती युरोपात, पंधराव्या शतकातील इटलीपासून. पुढे इंग्रजांचा व्हिस्ट आला. एडमंड हॉइल याने 1742 साली त्याचे नियम छापले. वाटणाऱ्याचे शेवटचे पान उघडे करावयाचे आणि त्याचा रंग तो हुकूम. आता हुकमाची दुर्रीदेखील परक्या रंगाच्या राजाला कापू लागली. ही क्रांती खरी, पण हुकूम ठरवीत होते ते दैवच.

आपल्या घरोघरच्या पाच-तीन-दोनमध्ये याहून एक पाऊल पुढे पडते. तिघे खेळणार, तीस पाने. हुकूम सांगणाऱ्याने पाच हात करावयाचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. कमी पडले तर पुढच्या डावात जास्त करणाऱ्याने तुमचे पान ओढावे. म्हणजे मागची बाकी पुढच्या खात्यावर! मात्र पाचांचे ओझे येते ते पाळीने. आपण होऊन कोणी ते उचलीत नाही.

बोलीचा खेळ येथे निराळा होतो. बोली म्हणजे हुकूम ठरविण्याचा हक्क, पण तो फुकट नाही. किती मिळविणार ते आधी सर्वांसमक्ष सांगावयाचे. व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन धनिकाने 1925 साली ब्रिजला जे नवे रूप दिले, त्याला कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे करार, हेच नाव पडले.

आता आमचे तीनशे चार. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू. सत्तीपासून एक्क्यापर्यंत बत्तीस पाने. गुलामाचे गुण 30, नव्वीचे 20, एक्क्याचे 11, दश्शीचे 10, राजाचे 3, राणीचे 2. अठ्ठी आणि सत्ती रिकाम्या. एका रंगाची बेरीज 76, चार रंगांची 304. खेळाचे नाव म्हणजे त्याचा हिशेबच होय. प्रथम प्रत्येकाला चारच पाने वाटतात आणि तेवढ्यावर बोली सुरू होते. निम्मे गुण 152 होतात. त्याहून पुढची बोली करणारा निम्म्याहून अधिक कबूल करतो. किमान आकडा घरोघर वेगळा असतो. सर्वांत मोठी बोली ज्याची, तो हुकमाचे एक पान पालथे ठेवतो. मग उरलेली चार पाने वाटली जातात. उतारीचा रंग हाती असेल तर तोच टाकला पाहिजे. नसेल तर कोठे हुकूम उघडण्याची मागणी करतात, कोठे पालथे पान टाकतात. शेवटी जिंकलेल्या हातांतले गुण मोजावयाचे. बोलीइतके भरले तर डाव तुमचा. एकाने कमी भरले तरी हरलात.

तमिळ मुलखात आणि श्रीलंकेत हाच खेळ याच नावाने चालतो. केरळात त्याचा धाकटा भाऊ अठ्ठावीस, बंगालात एकोणतीस. गुलाम आणि नव्वी वर चढविण्याची रीत युरोपातील यास नावाच्या खेळाच्या कुळातली आहे, आणि ती डच लोकांबरोबर आली असावी असा जाणकारांचा तर्क आहे. डच भाषेत या गुलामाच्या पानाला 'बूर' म्हणतात. बूर म्हणजे शेतकरी. तेथे तो फक्त हुकमाच्या रंगात राजावर चढतो. आपल्याकडे चारही रंगांत चढतो! गंजिफेत कोठारातल्या मालाबरोबर मोजला गेलेला गुलाम येथे तीस गुणांचा धनी झाला, आणि राजाची किंमत तिनावर आली.

आमच्या मुकुटबनात तेलुगू, कोलामी, मराठी अशा बोली एकत्र नांदतात. आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसलेल्या अशा चौघांचा डाव आम्ही पाहिला आहे. एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण बोटांनी केलेली बोली कोणी नाकारली नाही.

याच बोलीने आम्हांला एकदा शहाणे केले. एका कारखान्याच्या फाटकावर, चार पाने पाहून, आम्ही मोठी बोली केली: मागितलेली वाढ मिळाल्यावाचून काम सुरू होणार नाही. कोणाच्या घरी किती दिवसांचे धान्य आहे, हे आम्ही आधी विचारले नव्हते. संप सोळाव्या दिवशी मोडला. बुडालेला रोज आमचा नव्हता, त्यांचा होता. एका म्हाताऱ्या फिटरने आम्हांला एवढेच म्हटले, "बोली तुमची होती भाऊ, पण पानं आमची होती."

पत्त्यांत भिडूला त्याची पाने विचारण्यास सक्त मनाई आहे. विचारणारा लबाड ठरतो. संघटनेत न विचारणारा लबाड ठरतो. हा एक भेद ध्यानी ठेवला तर बाकीचे नियम दोन्हीकडे एकच आहेत: बोली सर्वांसमक्ष करावी, ठेवलेला हुकूम मागाहून बदलू नये, आणि गुण कमी भरले तर वाटणाऱ्याला दोष न देता हार मान्य करावी. आमच्या स्नेह्यांना आमचे उत्तर हेच. पैसा बाजूला ठेवा आणि मुलांना तीनशे चार अवश्य शिकवा.