तळटीप : खूण केलेले पेप्टाइड

१४. खूण केलेले पेप्टाइड : लेखकाचा रोख ॲड्रेनोमेड्युलिनवर बेतलेल्या रेणूकडे आहे. १९९३ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेले मूळ पेप्टाइड ५२ अमिनो आम्लांचे. ते फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर नेमके जाऊन बसते. त्याच्यासारख्या रेणूला टेक्नेशियम-९९एम जोडून शिरेतून दिले की गॅमा कॅमेऱ्यात निरोगी फुफ्फुस उजळते, बिघडलेल्या अस्तराचे फिके दिसते. नेहमीच्या स्कॅनमधले अल्ब्युमिनचे कण केशवाहिन्यांत नुसते अडकतात. रक्त कुठवर पोचले, एवढेच ते सांगतात. हा फरक मोलाचा आहे. मात्र खुणेचे हे टेक्नेशियम लांबून आणणे परवडत नाही; ते दर सहा तासांनी निम्मे होते. उदाहरणार्थ, मुंबईहून रेल्वेने नांदेड गाठायला सुमारे बारा तास. तोवर पावच उरेल. म्हणून रुग्णालये मॉलिब्डेनमचा जनरेटर ठेवतात आणि गाईची धार काढावी तसे त्यातून लागेल तेव्हा टेक्नेशियम काढतात. मॉलिब्डेनमचे अर्धआयुष्य ६६ तासांचे आहे, म्हणून जनरेटर प्रवासात टिकतो.