मोठी गाडी म्हणजे किती मोठी?

मागच्या वेळी आपण 1973च्या तेलबंदीपाशी थांबलो होतो. अरब देशांनी अमेरिकेचं तेल अडवलं, पंपांवर रांगा लागल्या, आणि डेट्रॉइटच्या कारखानदारांची पंचाईत झाली. तिथं मोठी गाडी म्हणजे नुसतं वाहन नव्हतं, घरातल्या माणसाची ऐपत होती. 1976ची शेवर्ले कॅप्रिस साडेपाच मीटरहून लांब. हौस असेल तर 7.4 लिटरचं इंजिन!

डिसेंबर 1975मध्ये कायदा झाला. कंपनीच्या सगळ्या विकलेल्या मोटारींची सरासरी 1978 सालासाठी गॅलनला 18 मैल हवी, 1985साठी साडेसत्तावीस. म्हणजे लिटरला साडेसातच्या वर, मग पावणेबारा किलोमीटर. गंमत या 'सरासरी'त आहे. मोठी गाडी विकायला बंदी नव्हती, पण तिचं खातं आता छोट्या गाडीशी जोडलं गेलं.

जनरल मोटर्सने मात्र कायद्याआधीच काम हाती घेतलं होतं. 1977ची कॅप्रिस सुमारे 27 सेंटीमीटरनं आखूड, 300 किलोंच्या आसपास हलकी. ते अवाढव्य इंजिन गेलं. आणि आत? मागच्या सीटवर पायांना जागा वाढली, डिकीही वाढली. आम्ही तत्त्वज्ञानवाले इथं थबकतो. कापलं काय मग? चाकांच्या पुढं-मागं लोंबणारा पत्रा. बॉडी उंच, सरळ केली, म्हणून माणूस नीट बसला. एवढी वर्षं लोक ज्याला मोठेपणा समजत होते त्यात बसायची जागा फारशी नव्हतीच. फोर्डने आपली गाडी अजून मोठीच आहे अशा जाहिराती केल्या. गिऱ्हाइकानं नवी कॅप्रिस उचलली, खप वाढला. 1979मध्ये फोर्डलाही आपली गाडी छाटावी लागली.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण कायद्यानं मोटार आणि हलका ट्रक वेगळे धरले होते, ट्रकची अट सैल. कुटुंबाची गाडी कायद्याच्या लेखी 'ट्रक' ठरली, तर? व्याख्या बदलली की हिशेब बदलतो, हे आम्ही वर्गात जन्मभर शिकवलं. डेट्रॉइटनं ते न शिकता केलं. कॅप्रिस 1996मध्ये बंद झाली. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या ज्या कारखान्यात ती बनायची, तिथं पुढे मोठ्या एसयूव्ही बनू लागल्या.