मुक्तभूमी ते बंद सीमा : हैतीचे पारपत्र आणि स्थलांतराचा इतिहास (१८०४–२०२५)

प्रस्तावना

कोणत्या देशाच्या पारपत्रावर किती देशांत व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो, यावरून अलीकडे राष्ट्रांची क्रमवारी लावली जाते. या क्रमवारीत कॅरिबियन समुद्रातील हैती हा देश तळाच्या गटात आढळतो. हैतीच्या नागरिकास व्हिसाशिवाय अथवा विमानतळावर उतरताच मिळणाऱ्या व्हिसावर ज्या देशांत जाता येते, त्यांची संख्या पन्नासच्या आसपास भरते. तथापि ही संख्या जितके सांगते त्याहून अधिक लपविते. त्या यादीत सिंगापूर आहे, फिलिपिन्स आहे, प्रशांत महासागरातील मायक्रोनेशिया आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, फ्रान्स आणि ज्याच्याशी हैतीची भूसीमा जोडलेली आहे ते डोमिनिकन प्रजासत्ताक मात्र नाही. म्हणजे हैतीचा मनुष्य जेथे जाऊ इच्छितो अथवा जाऊ शकतो, तेथे त्याला व्हिसा लागतो. जेथे लागत नाही तेथे पोहोचणे बहुधा त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. ही स्थिती आपोआप निर्माण झालेली नाही. प्रस्तुत लेखात तिची ऐतिहासिक जडणघडण तपासली आहे. हैतीच्या बाबतीत एखादा दरवाजा तेथील लोक प्रत्यक्ष वापरू लागेपर्यंतच खुला राहिला, असे या इतिहासात पुनःपुन्हा दिसून येते.

मुक्तभूमीची घोषणा

या इतिहासाचा आरंभ नेमका उलट्या दिशेने होतो. गुलामांच्या यशस्वी बंडातून १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र झालेल्या हैतीने प्रारंभीच्या काळात इतरांसाठी दार उघडले होते. आलेक्सांद्र पेत्यों यांच्या राजवटीतील १८१६ च्या संविधानाच्या ४४ व्या कलमाने आफ्रिकी व इंडियन वंशाची जी माणसे हैतीत येऊन राहतील त्यांना हैतीचे म्हणून मान्यता दिली. नागरिकत्वाचे हक्क एक वर्षाच्या वास्तव्यानंतर मिळत. हे कलम कागदावरच राहिले नाही. १८१७ मध्ये जमैकातील काही गुलाम एक जहाज घेऊन हैतीच्या किनाऱ्याला लागले. मालकाने त्यांची मागणी केली, तेव्हा या भूमीवर पाय ठेवताच ते हैतीचे झाले आहेत, अशी भूमिका घेऊन पेत्यों यांनी त्यांना परत करण्यास नकार दिला. पुढे झां-पियेर ब्वाये यांनी १८२४ मध्ये आपला प्रतिनिधी अमेरिकेत पाठवून तेथील मुक्त कृष्णवर्णीयांना हैतीत वसण्याचे निमंत्रण दिले आणि काही हजार लोक खरोखरच आले. त्यांतील बरेच जण नंतर परतले, ही गोष्ट वेगळी.

परंतु ज्या राष्ट्राने इतरांना मान्यता दिली, त्या राष्ट्राला मान्यता देण्यास इतरांनी विलंब लावला. फ्रान्सने १८२५ मध्ये ती दिली, तीही १५ कोटी फ्रँकची नुकसानभरपाई लादून. ही रक्कम १८३८ मध्ये ९ कोटींवर आणण्यात आली. गुलामांनी आपल्या स्वातंत्र्याची किंमत पूर्वीच्या मालकांना द्यावी, असा तो व्यवहार होता. अमेरिकेने १८६२ पर्यंत मान्यता दिलीच नाही. हैतीचा कृष्णवर्णीय राजदूत वॉशिंग्टनमध्ये स्वीकारणे दक्षिणेतील गुलाममालकांना सोसणारे नव्हते. हैतीचा नागरिक सीमेवर आजही ज्या संशयाने पाहिला जातो, त्याचे मूळ केवळ दारिद्र्यात शोधणे अपुरे आहे.

ऊस, करार आणि सीमा

पहिल्या महायुद्धापूर्वी सामान्य माणसाच्या प्रवासात पारपत्राला फारसे स्थान नव्हते. राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने १९२० मध्ये पॅरिस येथे परिषद भरली आणि पारपत्राचा एक समान नमुना ठरला. याच सुमारास हैतीतून मोठे स्थलांतर सुरू झाले होते, आणि ते पारपत्राच्या नव्हे तर कराराच्या आधारे चालले होते. १९१३ मध्ये क्यूबाच्या सरकारने एका अमेरिकी साखर कंपनीला हैतीतून मजूर आणण्याची परवानगी दिली. पुढील दोन दशकांत लाखाहून अधिक हैतीयन ऊसतोडीसाठी क्यूबात गेले. १९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता. या मजुरांच्या जाण्यावर आकारलेले शुल्क सरकारी तिजोरीत जमा होई. साखरेचे भाव कोसळले आणि १९३३ मध्ये क्यूबात रोजगाराचे ‘राष्ट्रीयीकरण’ झाले, तेव्हा याच मजुरांना हजारोंच्या संख्येने परत धाडण्यात आले.

डोमिनिकन प्रजासत्ताकातील घटनाक्रम याहून भीषण आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये राफाएल त्रुहियोच्या हुकमाने सीमाभागातील हैतीयन व हैतीवंशीय लोकांची कत्तल झाली. मृतांचे अंदाज काही हजारांपासून वीस हजारांपर्यंत जातात. संशयितास ‘पेरेखिल’ हा स्पॅनिश शब्द उच्चारावयास लावून ओळख पटविली जात असे, ही आख्यायिका बरीच प्रसिद्ध आहे. तिची व्याप्ती किती होती हा वादाचा विषय असला, तरी कागदाऐवजी जिभेवर नागरिकत्व तपासले गेले, ही स्मृती टिकून राहिली. भरपाईची ठरलेली साडेसात लाख डॉलर रक्कम पुढे सव्वापाच लाखांवर आली. पीडितांच्या हाती त्यातले नाममात्रच पडले. विशेष हे की, कत्तलीचा रोख सीमेवरील शेतकऱ्यांवर होता. साखर कारखान्यांच्या वसाहतींतील मजुरांना बव्हंशी हात लावला गेला नाही. ऊस तोडणारा हैतीयन हवा होता, शेजारी म्हणून राहणारा नको होता.

१९५२ च्या द्विपक्षीय कराराने ही विभागणी अधिकृत झाली. डोमिनिकन बाजूने हैती सरकारला ठरावीक रक्कम द्यावयाची आणि हैतीने हंगामासाठी मजूर पुरवावयाचे, ही पद्धत १९८६ पर्यंत चालली. त्या वर्षी पैसे पोहोचले. पण फेब्रुवारीत झां-क्लोद दुव्हालिए देशातून पळाला आणि मजूर गेले नाहीत. मुकादमाची भूमिका येथे खुद्द शासनाने बजावली होती. या मजुरांची मुले-नातवंडे डोमिनिकन भूमीवर जन्मली, तेथील संविधानानुसार बरीचशी तेथील नागरिक मानली गेली, आणि २०१३ मध्ये तेथील संवैधानिक न्यायालयाने १६८-१३ क्रमांकाच्या निकालाद्वारे १९२९ पर्यंत मागे जाऊन त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. दोन लाखांहून अधिक लोकांवर त्याचा परिणाम झाला, असा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचा अंदाज होता. २०१४ च्या कायद्याने काहींना दिलासा मिळाला, सर्वांना नाही.

नावेतून आलेली माणसे

अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्याने युरोपीय देशांवर राष्ट्रनिहाय कोटा लादला, परंतु पश्चिम गोलार्धातील स्वतंत्र देश त्यातून वगळले होते आणि हैती त्यांत होता. म्हणजे हैतीयन मोठ्या संख्येने येत नव्हते तेव्हा त्यांच्यासाठी संख्येची मर्यादा नव्हती. १९५७ नंतर फ्रान्स्वा दुव्हालिए यांच्या दहशतीने प्रथम सुशिक्षित वर्ग बाहेर पडला. देश सोडण्यासाठी स्वतःच्याच सरकारचा निर्गमन-व्हिसा लागे. डॉक्टर, शिक्षक व अभियंते नव्याने स्वतंत्र झालेल्या काँगोत गेले, क्विबेकमध्ये गेले, न्यूयॉर्कला गेले. फ्रेंच जाणणाऱ्या पदवीधरांची तेथे निकड होती.

१९७२ पासून गरीब माणूस लाकडी नावेतून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरू लागला, तेव्हा मात्र स्वर बदलला. क्यूबाहून येणाऱ्यास १९६६ च्या कायद्याने कायम वास्तव्याचा मार्ग मोकळा केला होता. हैतीहून येणारा ‘आर्थिक स्थलांतरित’ ठरविला जाई. १९८० मध्ये मायामीतील संघीय न्यायाधीश जेम्स लॉरेन्स किंग यांनी हैतीयनांचे आश्रयाचे अर्ज भेदभावाने फेटाळले गेल्याचा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८१ मध्ये, अध्यक्ष रेगन यांनी भर समुद्रात नावा अडविण्याचा आदेश काढला. १९८१ ते १९९० या काळात २२,९४० हैतीयन समुद्रात अडविले गेले आणि त्यांपैकी केवळ ११ जण आश्रयासाठी अर्ज करण्यास पात्र ठरले. हा आकडा दोनदा वाचावा लागतो.

१९९१ च्या सप्टेंबरअखेरीस अध्यक्ष आरिस्तिद यांची सत्ता लष्कराने उलथविली. हजारो लोक पुन्हा समुद्रात उतरले आणि त्यांना ग्वांतानामो तळावरील छावण्यांत ठेवण्यात आले. मे १९९२ मध्ये बुश प्रशासनाने कोणतीही चौकशी न करता नावा परत फिरविण्याचा हुकूम दिला. निवडणूक प्रचारात त्यावर टीका करणाऱ्या क्लिंटन यांनी तोच हुकूम पुढे चालविला. जून १९९३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तो वैध ठरविला. निर्वासितास छळाच्या भूमीकडे परत न पाठविण्याचे बंधन खुल्या समुद्रात लागू होत नाही, असा त्याचा आशय होता. न्यायमूर्ती ब्लॅकमन एकटेच विरोधात राहिले. १८१७ मध्ये किनाऱ्याला लागलेल्या नावेचा निवाडा पेत्यों यांनी ज्या तत्त्वावर केला, त्याच्या नेमके विरुद्ध टोक येथे गाठले गेले. पाय जमिनीला लागण्याआधीच माणूस अडविला, की हक्काचा प्रश्नच उरत नाही.

भूकंपानंतर दक्षिणेची वाट

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर स्थलांतराची दिशा बदलली. इक्वेडोरने २००८ मध्ये जवळपास सर्वच देशांच्या नागरिकांना विनाव्हिसा प्रवेश दिला होता. त्यामुळे हैतीयन क्वितोला उतरत, तेथून पेरूमार्गे ब्राझीलच्या आक्रे प्रांतात पोहोचत. पेरूने जानेवारी २०१२ मध्ये व्हिसा आवश्यक केला. ब्राझीलने त्याच महिन्यात हैतीयनांसाठी मानवतावादी व्हिसा सुरू केला. आरंभी महिन्याला शंभरची मर्यादा होती, ती २०१३ मध्ये उठविली गेली. तेव्हा ब्राझीलमध्ये बांधकामाला मजूर हवे होते. पुढे मंदी आली, काम आटले आणि माणसे चिलीकडे वळली. २०१५ मध्ये इक्वेडोरनेही हैतीयनांवर अटी घातल्या होत्या.

चिलीचे उदाहरण विशेष बोलके आहे. तेथे हैतीयनास पर्यटक म्हणून व्हिसा लागत नसे. २०१७ या एका वर्षात एक लाखाहून अधिक हैतीयन तेथे उतरले. एप्रिल २०१८ मध्ये अध्यक्ष पिन्येरा यांच्या सरकारने हैतीच्या नागरिकांवर वाणिज्य दूतावासातून व्हिसा घेण्याची सक्ती केली. त्याच वेळी व्हेनेझुएलाच्या नागरिकांसाठी ‘लोकशाही उत्तरदायित्वा’चा वेगळा व्हिसा जाहीर झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मायदेशी परतू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारी विमाने सुटली. अट एवढीच की परतणाऱ्याने नऊ वर्षे चिलीत पाऊल ठेवू नये. अनेक जण उलट उत्तरेकडे निघाले. कोलंबिया व पनामा यांमधील दारिएनचे अरण्य २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३३ हजार लोकांनी ओलांडले, त्यांत हैतीयन सर्वाधिक होते. त्या सप्टेंबरात टेक्सासमधील देल रिओच्या पुलाखाली सुमारे पंधरा हजार जण जमले आणि त्यांतील हजारोंना विमानात बसवून हैतीत सोडण्यात आले. त्यांच्यासोबत चिली व ब्राझीलमध्ये जन्मलेली, हैती कधीही न पाहिलेली बालके होती.

हाच क्रम इतरत्रही दिसतो. गयानाने २०१९ मध्ये हैतीयनांना सहा महिन्यांच्या वास्तव्याची मुभा दिली आणि २०२१ मध्ये ती काढून घेतली. वास्तविक हैती २००२ पासून कॅरिबियन समुदायाचा पूर्ण सदस्य आहे. २०१८ मध्ये या समुदायाने हैतीयनांसाठी जी सवलत मान्य केली तिची अट पाहण्यासारखी आहे : ज्याच्याजवळ अमेरिका, कॅनडा अथवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असेल त्यालाच शेजाऱ्यांच्या व्हिसातून सूट. निकाराग्वाने प्रवेश सुलभ ठेवल्यामुळे २०२३ मध्ये पोर्ट-ऑ-प्रिन्सहून मानाग्वाला खास भाड्याची विमाने सुटू लागली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी हैती सरकारने स्वतःच ती थांबविली. या मार्गाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निकाराग्वाकडे निघालेले ३०३ भारतीय प्रवाशांचे विमान फ्रान्समधील व्हात्री विमानतळावर अडविण्यात आले आणि त्यांतील २७६ जण २६ डिसेंबरला मुंबईच्या विमानतळावर परतले. एकाच फटीचा शोध दोन भिन्न खंडांतील माणसांना लागला होता.

पारपत्र, विमान आणि बाजार

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेने क्यूबा, हैती, निकाराग्वा व व्हेनेझुएला या चार देशांच्या नागरिकांसाठी दरमहा एकूण ३० हजार जणांना तात्पुरत्या प्रवेशाची योजना आणली. अमेरिकेत हमीदार हवा आणि हाती वैध पारपत्र हवे, अशी अट होती. परिणामी पोर्ट-ऑ-प्रिन्समधील पारपत्र कार्यालयांवर अभूतपूर्व गर्दी लोटली. यापूर्वी पारपत्राशी ज्यांचा संबंध आला नव्हता असे लोक पहाटेपासून रांगेत उभे राहिले. दोन लाखांहून अधिक हैतीयन या मार्गाने गेले. मार्च २०२५ मध्ये ही योजना रद्द झाल्याचे जाहीर झाले, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तसे करण्याची मुभा दिली, आणि ९ जून २०२५ पासून हैतीच्या नागरिकांच्या अमेरिका-प्रवेशावर काही अपवाद वगळता बंदी आली. भूकंपानंतर दिलेले तात्पुरते संरक्षण संपविण्याचा निर्णयही त्याच वर्षी घोषित झाला व न्यायालयीन वादात सापडला.

दरम्यान देशांतर्गत स्थिती अशी की सशस्त्र टोळ्यांच्या हिंसाचारामुळे विस्थापितांची संख्या २०२५ च्या आरंभी दहा लाखांपलीकडे गेली. राजधानीचा तुसाँ लूव्हर्त्यूर विमानतळ २०२४ मध्ये दोनदा बंद पडला. नोव्हेंबरात प्रवासी विमानावर गोळीबार झाल्यानंतर अमेरिकी विमानसेवा थांबली. ज्या देशांत व्हिसा लागत नाही तेथील विमान पकडावयाचे, तर मार्ग बहुधा अशा विमानतळांवरून जातो, जेथे केवळ विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो. अमेरिकेने विनाव्हिसा संक्रमणाची सोय ऑगस्ट २००३ मध्येच बंद केली आहे. विनाव्हिसा देशांच्या यादीचे मोल या तपशिलांशिवाय ठरविता येत नाही.

डोमिनिकन प्रजासत्ताकाने सप्टेंबर २०२३ मध्ये, सीमेवरील मासाक्र नदीच्या कालव्याच्या वादातून, हैतीयनांना व्हिसा देणे थांबविले व सीमाही बंद केली. २०२४ मध्ये तेथून अडीच लाखांहून अधिक लोकांची परत पाठवणी झाली. तरीही सीमेवरील दाहाबोन गावी सोमवारी व शुक्रवारी भरणारा बाजार, काही आठवड्यांच्या खंडानंतर, पुन्हा सुरू करावा लागला. डोमिनिकन व्यापाऱ्यांचा माल त्याविना खपत नव्हता. बाजाराच्या दिवशी हैतीयन विक्रेत्या स्त्रिया पारपत्राशिवाय पूल ओलांडतात, आणि सायंकाळी फाटक बंद होण्यापूर्वी त्यांना परतावे लागते.