लघवीचा कल्चर रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस का लागतात?

लघवीला जळजळ झाली की आपल्यातल्या कितीतरी जणी औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणतात. डॉक्टरांनी कल्चर तपासणी सांगितली, तर ‘दोन-तीन दिवस कोण थांबणार?’ म्हणतात. म्हणून आज आम्ही या तपासणीमागचा इतिहास सांगणार आहोत.

१८८४ साली डेन्मार्कच्या डॉ. ग्राम यांनी जंतू रंगवून पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवत, काहींचा धुऊन जाई. रंग सोडणारे ते ग्राम-निगेटिव्ह. त्यांच्या अंगावर एक जादा आवरण असतं, त्यामुळे बरीच औषधं आत शिरत नाहीत. लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा सापडणारा ई. कोलाय याच गटातला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये रक्ती आवेची साथ होती. सल्फाच्या गोळ्या लागू पडेनात, मग नवी औषधं आली. पुढे एकाच वेळी चार-चार औषधांना दाद न देणारे जंतू सापडू लागले. १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी कारण शोधलं: पोटातला साधा ई. कोलाय औषध पचवण्याची युक्ती आवेच्या जंतूला देऊ शकतो. शेजारणीनं शेजारणीला बियाणं द्यावं, तसं!

२००८ साली भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत असा जंतू मिळाला, की राखून ठेवलेली जबर औषधंही त्याच्यापुढे थकली. त्या युक्तीच्या नावात नवी दिल्ली आली: एनडीएम-१.

म्हणजे नुसता जंतू ओळखून भागत नाही, कोणतं औषध चालेल तेही पाहावं लागतं. विरजणाला जशी रात्र लागते, तसं जंतू वाढायला रात्र लागते. मग त्यांच्यावर औषधाच्या टिकल्या ठेवून आणखी एक रात्र थांबायचं. टिकलीभोवती पुरेसं मोठं मोकळं कडं दिसलं, तरच ते औषध लागू.

ही सोय प्रत्येक गावात नाही. नमुना उन्हात तासन्‌तास राहिला, तर वाटेतच जंतू वाढतात आणि निकाल चुकतो. म्हणून नमुना पहिल्या गोळीच्या आधी, स्वच्छ बाटलीत द्या आणि लगेच पोचवा. थंडीताप, कंबरदुखी असेल किंवा बाई गरोदर असेल, तर घरी थांबू नका. नमुना घेऊन डॉक्टर औषध सुरू करतील, रिपोर्ट आला की गरजेप्रमाणे बदलतील.

पुढच्या बैठकीत हे सगळ्याजणींना नक्की सांगा.