मेरी पेली मार्शल : पदवीविना अध्यापिका

मेरी पेली मार्शल (१८५०–१९४४) या केंब्रिजमध्ये अर्थशास्त्र शिकविणाऱ्या पहिल्या स्त्री. पुढे न्यूनहॅम महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलेल्या संस्थेच्या पहिल्या पाच विद्यार्थिनींपैकी त्या एक. १८७४ मध्ये त्यांनी विद्यापीठाची अंतिम परीक्षा दिली, तीही अनौपचारिकपणे. स्त्रियांना पदवी मिळत नसे. पुढच्याच वर्षी त्या न्यूनहॅममध्ये अध्यापन करू लागल्या. पती आल्फ्रेड मार्शल हे त्यांचे पूर्वीचे शिक्षक. उभयतांनी लिहिलेले ‘द इकॉनॉमिक्स ऑफ इंडस्ट्री’ हे पाठ्यपुस्तक १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले. मागणी असतानाही आल्फ्रेड यांनी कालांतराने त्याचे पुनर्मुद्रण थांबविले. एवढेच नव्हे, स्त्रियांना पदव्या देण्याच्या १८९६-९७ च्या प्रस्तावालाही त्यांनी कडाडून विरोध केला. पतिनिधनानंतर मेरी मार्शल ग्रंथालयात वयाच्या ८७ व्या वर्षापर्यंत काम करीत होत्या. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८ मध्ये.